‘वाढ नाही’ असा रिपोर्ट आला, तरी हातावरच्या गाठी का वाढतायत?

प्रश्न थोडक्यात असा. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, सांध्याच्या मागच्या बाजूला, सात आठवड्यांपूर्वी एक लालसर-जांभळी पुळी आली. घरी माशांची टाकी आहे. ती साफ करताना बोट खरचटलं होतं, असं अंधुक आठवतं. ताप नाही, दुखणं फारसं नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मध्ये एकदा चिरा देऊन पू काढायचा प्रयत्न झाला, पण थोडं पाणचट रक्तच आलं. स्वॅबच्या कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘वाढ नाही’. आता मनगटाच्या वर एक आणि कोपराच्या खाली एक अशा दोन नव्या गाठी आल्यात. जंतू सापडत नाही म्हणजे हा संसर्गच नाही का, आणि पुढे नेमकी कोणती तपासणी करायची?

हा प्रश्न औषधाचा वाटतो, पण गाडी अडली आहे ती तपासणीच्या मागणीत. त्वचेवरून काढलेला स्वॅब नेहमीच्या पद्धतीने 37 अंश सेल्सिअसवर दोन दिवस ठेवतात आणि काही उगवलं नाही की ‘वाढ नाही’ लिहितात. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की 37 अंशांवर, दोन दिवसांत, साध्या माध्यमावर वाढणारं काही त्या कापसावर नव्हतं. जो जंतू 30 अंशांवर आणि तीन आठवड्यांनी उगवतो, त्याच्याबद्दल हा रिपोर्ट काहीच बोलत नाही. प्रयोगशाळेला विचारलं तेवढंच तिने सांगितलं.

गाठ न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं शक्यतांच्या भाषेत घ्या. पण बोटावरून सुरू होऊन हातावर एका रांगेत वर चढणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी आणि जोडीला माशांची टाकी, असं ऐकलं की पहिलं नाव येतं मायकोबॅक्टेरियम मरिनमचं, म्हणजे टीबीच्या जंतूच्या पाण्यात राहणाऱ्या भावंडाचं. दुसरं स्पोरोट्रिक्स या बुरशीचं. बाकीची नावं त्यानंतर. हा क्रम बदलू शकतो तो तीन गोष्टींनी: तुमची प्रतिकारशक्ती कशी आहे (मधुमेह, यकृताचा आजार, स्टेरॉइड, संधिवाताची इंजेक्शनं), गाठ फक्त कातडीत आहे की खालच्या कंडरेपर्यंत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीपर्यंत) किंवा सांध्यापर्यंत गेली आहे, आणि गेल्या वर्षभरात तुम्ही कुठे राहिलात, कुठे फिरलात.

पाण्याशी जोडलेल्या त्वचासंसर्गात मी सगळ्यात आधी घड्याळ बघतो. पाण्याचा संपर्क आणि पहिली खूण यांच्यात किती वेळ गेला, यावरच अर्धी यादी गळते.

तासांचा हिशेब असेल तर ते तातडीचं काम. समुद्राच्या किंवा खाडीच्या कोमट पाण्यात जखम भिजली, किंवा कालवं-खेकडे साफ करताना टोचलं, आणि 24 तासांच्या आत सूज झपाट्याने पसरली, दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, कातडीवर रक्ताळलेले काळपट फुगे आले, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस डोक्यात ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. यकृताचा जुनाट आजार किंवा शरीरात लोहाचा साठा वाढलेला असेल तर हा जंतू जीव घेतो. तिथे कल्चरची वाट बघत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि सोबत सेफ्टाझिडिम किंवा सेफ्ट्रायाक्सोन लगेच सुरू करतात आणि सर्जनला त्याच वेळी बोलावतात. गोड्या पाण्यात, तळ्यात, नदीत, पुराच्या पाण्यात जखम भिजून दिवस-दोन दिवसांत असंच चिघळलं तर एरोमोनास. तो उपचारासाठी लावलेल्या जळवांमधूनही येतो. एरोमोनास साध्या अमॉक्सिसिलिनला दाद देत नाही, म्हणून ‘अँटिबायोटिक तर चालू आहे’ या समाधानात मोलाचे तास जातात.

दिवसांचा हिशेब असेल तर चित्र सौम्य होतं. मासे किंवा मांस कापताना काटा टोचला आणि दोन ते सात दिवसांनी बोटावर जांभळट, कडा स्पष्ट असलेला, जळजळणारा डाग आला, जो मधे फिका पडत कडेने सरकतो आणि पू मात्र धरत नाही, तो एरिसिपेलोथ्रिक्स. पेनिसिलिनने तो सहज बरा होतो, पण व्हॅन्कोमायसिनला तो जन्मजात जुमानत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गरम पाण्याच्या टबात बसल्यावर एक-दोन दिवसांत केसांच्या मुळांशी पुळ्या आल्या, त्याही पोहण्याच्या कपड्याखाली जास्त, तर स्यूडोमोनास. आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातात.

पोहण्याच्या कपड्यांवरून आणखी एक. गोड्या पाण्यातल्या पोहणाऱ्याच्या खाजेत, जी पक्ष्यांच्या परजीवीच्या अळ्यांमुळे येते, पुरळ उघड्या अंगावर असतो. समुद्रातल्या जेलीफिशच्या पिल्लांमुळे येणारा पुरळ कपड्याच्या आत असतो, कारण पिल्लं कापडात अडकून डंख मारतात. दोन्हीमध्ये जंतूच नसतो आणि दोन्हींवर लोक विनाकारण अँटिबायोटिक घेतात. कुठे आहे आणि कुठे नाही, एवढं नीट बघितलं तरी निदान होतं.

तुमचा हिशेब आठवड्यांचा आहे. मरिनमला खरचटल्यापासून गाठ दिसेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, क्वचित काही महिनेही. म्हणूनच रुग्णाला जखम आठवत नाही, आणि ‘पाण्यात गेला होतात का?’ या प्रश्नाला उत्तर हमखास ‘नाही’ येतं. हा प्रश्न टाकाऊ आहे. त्याऐवजी विचारावं: तुमचे हात दिवसभर कशात असतात? घरात माशांची टाकी, कासव, कारंजं, कुंड आहे का? ते कोण धुतं? टाकी हल्ली रिकामी केली का, त्यातले मासे मेले का? कोळंबी-खेकडे सोलता का? शेवटचे दोन-तीन महिने, फक्त गेला आठवडा नाही. आजारी मासे टाकीत होते आणि टाकी हातमोज्यांशिवाय खरवडली, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

या जंतूचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. 1926 मध्ये तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांमध्ये सापडला. माणसातला आजार म्हणून ओळख पटली ती 1951 मध्ये स्वीडनमधल्या एका जलतरण तलावामुळे, आणि ‘तलावाची गाठ’ हे नाव चिकटलं. तलावांमध्ये क्लोरीन नीट पडू लागल्यावर तो मार्ग जवळपास बंद झाला आणि आता बहुतेक रुग्ण माशांच्या टाकीचे असतात. तरी पोहण्याबद्दल विचारून ‘नाही’ आलं की विषय संपवण्याची सवय टिकून आहे.

आता तपासणी. गाठ बोटाने दाबून बघायची: आत पूची पोकळी असेल तर ती लिबलिबते, मरिनमची गाठ टणक, फार तर मधे मऊ लागते. चिरा देऊन काही निघालं नाही याचं कारण हेच. आत पू नव्हता, ग्रॅन्युलोमा होता, म्हणजे संरक्षक पेशींचा घट्ट गोळा. त्यानंतर हात उताणा ठेवून मनगटापासून काखेपर्यंत बोटांच्या टोकांनी हलकं चाचपत जायचं. दिसणाऱ्या दोन गाठींच्या मधे कातडीखाली दोरीसारखा धागा हाताला लागतो का, वाटाण्याएवढी तिसरी गाठ दडली आहे का, काखेत अवधाण (सुजलेली ग्रंथी) आलं आहे का, हे बघायचं. ही रांग लसिकावाहिनीची, म्हणजे ऊतींतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळीची. अशी रांग मरिनम, स्पोरोट्रिक्स, नोकार्डिया (मातीतला जंतू) आणि काही प्रदेशांत लीशमॅनिया (एक परजीवी) हे सगळेच धरतात, त्यामुळे तिच्यावरून एकाचंच नाव घेऊ नये. काखेतलं अवधाण मोठं आणि दुखरं असेल तर मात्र मरिनमबद्दल मला शंका येते, त्यात ते सहसा ठळक नसतं.

मग बोट वाकवून मूठ आवळायला सांगायची. मूठ पूर्ण वळत नसेल, सकाळी बोट ताठरत असेल, किंवा कंडरेच्या बाजूने सूज लांबट असेल तर प्रकरण कातडीपुरतं नाही. एमआरआय आणि हाताच्या सर्जनचं मत दोन्ही लागतात. हाताचा एक साधा एक्स-रे प्रत्येकाचा काढावा. काचेचा कण किंवा सागरी साळूचा काटा आत राहिला असेल तर जंतू नसतानाही अशीच गाठ होते. माशाचा काटा एक्स-रेत चुकू शकतो, तो सोनोग्राफीत बघावा.

खरी तपासणी बायोप्सी, आणि तीच बहुतेक वेळा वाया जाते. पृष्ठभाग पुसून घेतलेला स्वॅब इथे जवळपास निरुपयोगी, कारण जंतू थोडे असतात आणि खोल असतात. मी सगळ्यात नव्या, अजून न फुटलेल्या गाठीतून तुकडा घेतो. जुनी, खपली धरलेली गाठ फसवते. चार ते सहा मिलिमीटरचा पंच (तुकडा कापणारं गोल पातं), खालच्या चरबीपर्यंत खोल. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, ऊतींच्या तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक डबीत, सलाईनने ओलसर केलेल्या गॉजवर, कल्चरसाठी. चूक होते ती इथे. दोन्ही तुकडे सवयीने एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले जातात. फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा कल्चरला मेला. मग पंधरा दिवसांनी रुग्णाला पुन्हा बोलवायचं आणि पुन्हा टोचायचं. सलाईनमध्ये तुकडा पोहत ठेवणंही बरं नाही, आधीच थोडे असलेले जंतू आणखी पातळ होतात. ओलसर पुरे.

त्यानंतर मागणीचा कागद. ‘कल्चर’ एवढंच लिहिलं तर पुन्हा तेच 37 अंश, तेच दोन दिवस. कागदावर हे असावं: माशांच्या टाकीचा संपर्क, सात आठवड्यांच्या गाठी, लसिकावाहिनीच्या रांगेत, मायकोबॅक्टेरियम मरिनम आणि स्पोरोट्रिक्सचा संशय, मायकोबॅक्टेरियाचं कल्चर 30 आणि 37 अशा दोन्ही तापमानांना, किमान सहा आठवडे ठेवावं, बुरशीचं कल्चर, नोकार्डियासाठी नेहमीची प्लेट लवकर टाकू नये. रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर मायकोबॅक्टेरियम हीमोफिलमचाही उल्लेख करावा, कारण त्याला माध्यमात लोह लागतं आणि ते घातलं नाही तर तो कितीही दिवस उगवत नाही. टीबीच्या कल्चरची बरीच स्वयंचलित यंत्रं 37 अंशांवरच चालतात, म्हणून 30 अंशांसाठी वेगळी नळी ठेवावी लागते. ती कुणी आपण होऊन ठेवत नाही. शक्य असेल तर मी कागद पाठवून थांबत नाही, मायक्रोबायॉलॉजीच्या माणसाला फोनही करतो. बायोप्सीआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असेल तर कल्चरला मदत होते, पण रुग्णाची तब्येत बिघडत असेल तर त्यासाठी थांबू नये.

रिपोर्ट येतात ते टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक खड्डा आहे. ऊतींच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा दिसला आणि ‘अ‍ॅसिड-फास्ट बॅसिलाय दिसले नाहीत’, म्हणजे टीबीच्या कुळातले जंतू दिसले नाहीत, असं लिहिलं असेल तर मरिनम फेटाळू नका. बहुतेक तुकड्यांत ते दिसतच नाहीत. आजार नवा असताना घेतलेल्या तुकड्यात तर ग्रॅन्युलोमाही पुरता तयार झालेला नसतो, नुसती सूज दिसते.

दुसरा खड्डा जास्त खोल. ग्रॅन्युलोमा दिसला, म्हणून टीबीची त्वचा किंवा रक्तचाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि ‘त्वचेचा टीबी’ म्हणून चार औषधांचा कोर्स सुरू झाला. टीबीच्या रक्तचाचणीत ज्या प्रथिनांना शरीराचा प्रतिसाद मोजतात, ती प्रथिनं मरिनममध्येही असतात. त्यामुळे पॉझिटिव्ह चाचणी दोघांमध्ये फरक करत नाही. वर कोर्सातलं आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मरिनमवर चालत नाहीत. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल चालतात, म्हणून गाठ थोडी बसते, सगळ्यांना निदान बरोबर वाटतं आणि खरं नाव कधीच बाहेर येत नाही. अर्थात त्वचेचा टीबीही असतोच. म्हणून कल्चर हवं.

कल्चरमध्ये मरिनम साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवतो. अंधारात ठेवलेल्या वसाहती फिक्या, आणि उजेडात आणल्या की पिवळ्या होतात. स्पोरोट्रिक्स त्याच्या आधी, बहुधा आठवड्याभरात दिसू लागतो. थेट तुकड्यावरची पीसीआर चाचणी मिळत असेल तर करावी. पॉझिटिव्ह आली तर वेळ वाचतो, निगेटिव्ह आली तर काही सिद्ध होत नाही. सगळं नीट करूनही काही रुग्णांत मरिनमचं कल्चर रिकामं येतं. तेव्हा संपर्क, घड्याळ, रांग आणि ग्रॅन्युलोमा या चार गोष्टी जुळत असतील तर मी उपचार सुरू करतो आणि उत्तर औषधाच्या प्रतिसादात शोधतो. असा निर्णय फक्त तुकडा पाठवून झाल्यावर. आधी औषध आणि मग बायोप्सी, असं उलटं झालं की पुढे कुणालाच काही कळत नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण तो बघणारा डॉक्टर ठरवेल. कातडीपुरत्या आजाराला सहसा दोन औषधं देतात: क्लॅरिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि इथॅम्ब्युटॉल वजनाच्या प्रत्येक किलोला 15 मिलिग्रॅम रोज. अगदी एकच, उथळ गाठ असेल तर काही जण डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन एकटंच देतात. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. कंडरा, सांधा किंवा हाड गुंतलं असेल तर रिफाम्पिसिन जोडतात आणि मुदत सहा महिने किंवा त्याहून जास्त होते. एरवी गाठी गेल्यावरही एक-दोन महिने औषध चालू ठेवतात, म्हणजे एकूण तीन-चार महिने. पहिले तीन-चार आठवडे फरक जाणवत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक औषध बदलतात किंवा सोडतात. इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डोळे दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिन कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी भांडतं, रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचा असर घालवतं. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

तोवर करू नये अशा दोन गोष्टी. गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, स्टेरॉइडचं मलमही लावू नका. लाली दोन आठवडे उतरते आणि आतला संसर्ग पसरतो. आणि पुन्हा चिरा देऊ नका. बोटाच्या सांध्यावर कातडी आणि कंडरा यांच्यात फार अंतर नसतं.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन टाकीचा उल्लेख पहिल्या वाक्यात करायचा, मूठ वळते का ते दाखवायचं, कोपराखालच्या नव्या गाठीतून बायोप्सी मागायची आणि तुकडा दोन डब्यांत जातोय ना, हे तिथेच विचारायचं. हे विचारण्यात संकोच नको. हात अचानक सुजला, ताप भरला किंवा बोट हलेनासं झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

टाकी मोडायची गरज नाही. मेलेले मासे लगेच काढा, कोपरापर्यंत येणारे हातमोजे घाला, पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नका, आणि टाकीचं पाणी भांडी घासायच्या सिंकमध्ये ओतू नका. जखम उघडी असेपर्यंत ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, आणि त्या व्यक्तीच्या हातावर ओरखडा नाही ना, हे आधी बघावं. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरात वेगळा टॉवेल, वेगळी ताटं यांची गरज नाही. गाठींच्या कडेने पेनने रेघ मारून आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. सहा आठवड्यांनी कल्चरचा शेवटचा रिपोर्ट हातात येईल, तेव्हा डॉक्टरांना ते फोटो लागतील.